ठाण्याच्या हवेत लवकर फुलणारा, काटक क्लेमॅटिस लावता येईल का?

घोडबंदरवासी

नमस्कार. घोडबंदर रस्त्यालगतच्या सोसायटीत आम्ही तळमजल्यावर राहतो आणि घरामागची साधारण १५ फूट लांब व ६ फूट रुंद अशी जमिनीची पट्टी आम्हाला बागेसाठी मिळालेली आहे. पट्टीच्या कडेला कुंपणाची भिंत असून तिच्यावर सकाळी अकरा वाजेपर्यंत ऊन असते, त्यानंतर शेजारच्या इमारतीची सावली येते. या भिंतीवर चढवण्यासाठी मी वेल शोधत आहे आणि खरे सांगायचे तर मनात एकच वेल घर करून बसली आहे.

माझी धाकटी बहीण स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ राहते. तिच्या दारातील लाकडी जाळीवर क्लेमॅटिस अल्पायना या प्रजातीचे ‘फ्रान्सेस रिविस’ नावाचे वाण आहे. एप्रिलमध्ये, म्हणजे तिकडच्या बागेत अजून फारशी हालचाल नसताना, या वेलीला खाली झुकलेली, निळी आणि आत पांढुरका झुबका असलेली फुले लागतात. रोपासोबत आलेल्या पट्टीवर ‘अत्यंत काटक, उणे १५ अंशांखालीही टिकणारी’ असे लिहिलेले आहे. जी वेल इतकी थंडी सोसते, तिला आपला उन्हाळा फार जड जाऊ नये असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का, हा पहिला प्रश्न.

दुसरे असे, की ऑनलाइन विक्रीत ‘निळ्या क्लेमॅटिसच्या बिया’ आणि ‘क्लेमॅटिसचे कंद’ स्वस्तात दिसतात, ते मागवावेत का? की बहीण डिसेंबरमध्ये येणार आहे, तेव्हा तिने सामानातून एखादे लहान रोप आणणे बरे? शिवाय तिचीही एक अडचण आहे. गेल्या हिवाळ्यात माळीकाम करणाऱ्या माणसाने तिची वेल गुडघ्याएवढी छाटून टाकली आणि यंदा फुले जवळपास आलीच नाहीत. वेल मात्र हिरवीगार आहे. तिने काय करावे, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

जुईनगरकर

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यामागचे कारण नीट समजून घेतले तर बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतील.

अल्पायना ही आल्प्स आणि युरोपातील इतर पर्वतरांगांमध्ये वाढणारी वेल आहे. पट्टीवरचा काटकपणा हा थंडीपुरताच आहे. उष्णतेबद्दल ती पट्टी काहीच सांगत नाही. आणखी महत्त्वाचे म्हणजे ही वेल थंडी केवळ सोसत नाही, तिला थंडी लागते. उन्हाळ्यात नव्या फांद्या पक्व होतात, त्यांच्या पानांच्या बगलेत पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे, म्हणजे सुप्त अंकुर, तयार होतात, शरद ऋतूत पाने गळतात आणि वेल झोपी जाते. ही झोप मोडण्यासाठी साधारण ० ते ७ अंशांची थंडी कित्येक आठवडे मिळावी लागते. सफरचंदाच्या झाडाला काश्मीर-हिमाचलात जे मिळते आणि कोकणात मिळत नाही, तेच हे. ठाण्यात जानेवारीतील रात्रीही बहुधा १५ अंशांच्या वरच असतात. त्यामुळे डोळे एक तर फुटतच नाहीत, किंवा एखाददुसरा अवेळी फुटून रोप खंगत जाते.

दुसरा अडसर आपल्या रात्रींचा आहे. एडिंबरोत जुलैमधील दुपारचे सरासरी कमाल तापमान १९-२० अंशांच्या आसपास असते, म्हणजे तिथली भर उन्हाळ्याची दुपार आपल्या पौषातल्या पहाटेहून फारशी उष्ण नाही. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही पारा २६-२७ च्या खाली सहसा उतरत नाही. दिवसभर पानांनी तयार केलेले अन्न अशा रात्री श्वसनातच खर्ची पडते आणि मुळांपर्यंत शिल्लक काही पोहोचत नाही. एवढे सोसून वेल जूनपर्यंत तगली, तरी पुढे पावसाळा उभा असतो. ठाण्यात चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिकडे वर्षभरात ७०० मिलिमीटरच्या आसपास. डोंगरउतारावरच्या खडीत वाढणाऱ्या मुळांना तुंबलेले कोमट पाणी मानवत नाही, ती कुजतात.

बिया आणि कंद यांबद्दल स्पष्टच लिहितो. आपल्याला हवी तशी बागेतली क्लेमॅटिस कंदापासून होत नसते, तिची मुळे तंतुमय किंवा जाडसर दोऱ्यांसारखी असतात. त्यामुळे या नावाने कंद विकणारा काय विकतो आहे, हे तोच जाणे. बिया खऱ्या असल्या तरी थंड प्रदेशातील बऱ्याच प्रजातींच्या बियांना उगवण्यासाठी आधी ओलसर थंडी द्यावी लागते, त्यांना उगवायला काही महिन्यांपासून वर्षभराहूनही अधिक काळ लागू शकतो, आणि ‘फ्रान्सेस रिविस’सारखे नाव असलेले वाण बियांपासून जसेच्या तसे मिळत नाही, ते कलमानेच टिकवतात.

रोप सामानातून आणण्याचा विचार तर कृपया सोडून द्यावा. परदेशातून जिवंत रोप आणण्यासाठी २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आधी आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. विमानतळावर रोप जप्त होईल, हा भाग वेगळा. पण मुळांसोबतच्या मातीतून सूत्रकृमी आणि बुरशी येतात, म्हणून तो नियम आहे.

बहिणीच्या वेलीचे निदान वरच्या मजकुरातच आलेले आहे. ज्या फांद्यांवर डोळे बसले होते, त्याच हिवाळ्यात कापल्या गेल्या. पण त्याविषयी इथे तिकडचा अनुभव असलेले कोणी लिहील तर अधिक चांगले.

ऐरोली_कुंड्या

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत नाही. आपल्याकडे लोक ट्यूलिपचे कंद फ्रिजमध्ये ठेवून कुंडीत फुलवतातच. मग कुंडीतला क्लेमॅटिस दोन महिने फ्रिजमध्ये ठेवला तर थंडीची गरज भागणार नाही का? शिवाय माझ्या एका परिचितांनी डोंगराळ भागातील नर्सरीतून मोठ्या फुलांच्या संकरित क्लेमॅटिसचे कुंडीतले रोप थंडीच्या सुरुवातीला मागवले होते आणि त्यांच्या खिडकीत ते फुलले होते, हे मी स्वतः पाहिले आहे. ‘नाही’ असे एका शब्दात सांगून टाकणे मला घाईचे वाटते.

जुईनगरकर

आक्षेप योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ट्यूलिपच्या कंदात पुढच्या हंगामाचे फूल आधीच तयार होऊन बसलेले असते आणि ते बाहेर काढण्यापुरता अन्नसाठाही कंदातच असतो. थंडी दिली की तो एकदा फुलतो. त्यानंतर आपल्या हवेत तो कंद पुन्हा भरत नाही आणि बहुतेक लोक तो टाकून देतात. क्लेमॅटिसच्या बाबतीत असा साठवलेला फुलोरा हाताशी नसतो. वर्षभराची वाढ चांगली झाली तरच डोळे बसतात, आणि ती वाढ फ्रिजमध्ये होणार नाही. ती मे आणि जुलै या महिन्यांतच इथेच व्हायला हवी. शिवाय घरच्या फ्रिजमध्ये फळे असतात. पिकणाऱ्या सफरचंद-केळ्यांतून सुटणारा इथिलीन वायू सुप्त डोळ्यांना घातक ठरतो, त्यामुळे त्यासाठी वेगळा फ्रिजच लागेल. इतका खटाटोप एका वेलीसाठी कोणाला करायचा असेल तर माझी हरकत नाही, वीजबिल मात्र त्यांनीच पाहावे.

आपल्या परिचितांच्या खिडकीतील वेल ‘जॅकमनी’ गटातली असण्याची शक्यता आहे. १८५८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये वोकिंग येथील जॅकमन यांच्या नर्सरीत झालेल्या संकरातून हे वाण निघाले आणि १८६२ मध्ये त्याला प्रथम फूल आले. हा गट चालू हंगामाच्या नव्या फांदीवर फुलतो, त्याला थंडीची गरज तुलनेने कमी असते, आणि डोंगरात वाढवून पाठवलेले रोप इथल्या डिसेंबर-जानेवारीत फुलू शकते. पण ते शेवंतीच्या कुंडीसारखे एका हंगामापुरते आणले आहे, असे मानूनच आणावे. एप्रिल उजाडला की पाने कडेने करपू लागतात. शिवाय ही उशिरा फुलणारी जात झाली. ताईंना हवी आहे ती लवकर फुलणारी, आणि त्या गटाचे सगळे गणित जुन्या फांदीवर व हिवाळ्यावर बसलेले आहे.

याच लवकर फुलणाऱ्या गटातील मोंटाना ही प्रजाती तर आपल्याच हिमालयातली आहे. मसुरी-नैनितालकडे एप्रिल-मे महिन्यांत ओकच्या झाडांवर चढलेली चार पाकळ्यांसारख्या दलांची पांढरी फुले ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ती लगेच ओळखू येईल. १८३१ च्या सुमारास ती इंग्लंडला पोहोचली, ती गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नीमुळे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील उर्वशीच्या झाडाचे शास्त्रीय नाव अ‍ॅमहर्स्टिया हे याच घराण्यातील स्त्रियांच्या सन्मानार्थ ठेवलेले आहे. गंमत अशी, की उर्वशी ब्रह्मदेशच्या उष्ण, दमट जंगलातली असल्यामुळे मुंबईत सुखाने फुलते आणि हिमालयातली मोंटाना इथे फुलत नाही. भारतातली आहे म्हणून ठाण्यात चालेल, हा हिशेब वनस्पतींना लागू पडत नाही.

पूर्वी_म्युनिक_आता_ठाणे

बहिणीच्या वेलीविषयी मी लिहितो, कारण जर्मनीत राहत असताना आमच्या अंगणात अल्पायना होती आणि शेजाऱ्यांच्या अंगणात तिचीच नातलग मॅक्रोपेटाला, जिची फुले दुहेरी दिसतात.

तिकडे क्लेमॅटिसची छाटणी तीन गटांत विभागून सांगतात. पहिला गट जुन्या फांदीवर लवकर फुलणाऱ्यांचा. त्यात अल्पायना, मॅक्रोपेटाला, मोंटाना, सदाहरित आर्मंडी आणि भूमध्य सागराकाठची सिरोसा या येतात. दुसऱ्या गटातील मोठ्या फुलांच्या जाती उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतात आणि त्यांची हिवाळ्याच्या अखेरीस हलकी छाटणी करतात. तिसरा गट उशिरा, नव्या फांदीवर फुलणाऱ्यांचा आणि तोच तेवढा हिवाळ्याच्या शेवटी जमिनीपासून फूटभरावर कापतात. आपल्या बहिणीकडच्या माळ्याने पहिल्या गटातील वेलीला तिसऱ्या गटाची छाटणी दिली, असे दिसते. वेलीचे नुकसान झालेले नाही, फक्त एक बहर हुकला. यंदा वाढलेल्या फांद्यांना आता हात लावू नये. त्यांवरच पुढच्या एप्रिलची फुले येतील. खरे तर अल्पायनाला नियमित छाटणी लागतच नाही. बहर ओसरल्यावर, साधारण मे अखेर किंवा जूनमध्ये, वाळलेल्या आणि फार गुंतलेल्या काड्या काढाव्यात आणि तिथेच थांबावे. ही वेल दोन-तीन मीटरच्या पलीकडे फारशी जात नाही, त्यामुळे तिला आवरण्याची वेळच येत नाही.

फुले सुकल्यावर ती खुडण्याची घाई करू नये, हे आवर्जून सांगेन. या कुळात बीजाच्या टोकावरची कुक्षीवृंत, म्हणजे फुलातील स्त्रीकेसराची बारीक दांडी, लांबत जाते आणि तिच्यावर रुपेरी लव येते. अशा पन्नासेक बिया एका देठावर जमून जो झुबका तयार होतो, तो मला फुलांइतकाच आवडायचा. तसेच, ज्याला आपण पाकळ्या म्हणतो ती या वेलीत निदलेच आहेत, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दले. अल्पायनात ती चार असतात आणि आतला पांढुरका झुबका हा रूप पालटलेल्या वंध्य पुंकेसरांचा असतो.

लागवडीचेही एक सांगतो, कारण इंटरनेटवर सरसकट ‘क्लेमॅटिस खोल लावा’ असा सल्ला दिसतो. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना ‘विल्ट’ नावाचा बुरशीजन्य रोग होतो, धडधाकट फांदी एक-दोन दिवसांत मान टाकते. म्हणून त्या ५ ते ८ सेंटिमीटर खोल लावतात, म्हणजे वरचे सगळे मेले तरी जमिनीखालच्या डोळ्यातून पुन्हा फूट येते. अल्पायना या रोगाला सहसा बळी पडत नाही. तिला खोलीपेक्षा निचरा हवा. हिवाळ्यात मुळांशी पाणी साचले तर ती दगावते, बर्फाने दगावत नाही.

घोडबंदरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बहिणीला हे सगळे कळवले आहे आणि माळ्याच्या हातातील कात्री तूर्त काढून घेतलेली आहे. माझ्या भिंतीचा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच. अल्पायना नाही, हे मी मान्य केले. पण याच कुळातील एखादी वेल आपल्या हवेत होत असेल तर मला ती लावायला आवडेल. नाहीच जमली तर निदान जानेवारी-फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या आधी, निळी-जांभळी फुले देणारे दुसरे काही सुचवावे. गोकर्ण आमच्याकडे आहे, ती वगळून.

येऊरपायथा

याच कुळातील वेल आपल्या दारात आहे आणि तिला आपण मोरवेल किंवा रानजाई म्हणतो. सह्याद्रीत क्लेमॅटिसच्या ज्या प्रजाती आढळतात, त्यांपैकी क्लेमॅटिस हेनेई, क्लेमॅटिस गौरियाना आणि क्लेमॅटिस हेडिसारिफोलिया या तिघींनाही लोक मोरवेलच म्हणतात, त्यामुळे नर्सरीत नुसते नाव सांगून भागत नाही; फोटो दाखवावा लागतो. हेनेईची फुले मोठी, पांढरी, चार निदलांची आणि मध्ये पुंकेसरांचा भरगच्च झुबका असलेली असतात. गौरियानाची फुले लहान, मलईच्या रंगाची, पण संख्येने इतकी की वेलीखालची पाने दिसेनाशी व्हावीत. बागेतल्या भिंतीसाठी माझी पसंती हेनेईला आहे. गौरियाना फार दांडगी वाढते आणि ६ फुटांच्या पट्टीत ती आवरणार नाही.

आपल्या अपेक्षेत एक बदल मात्र करावा लागेल. ही वेल वसंतात फुलणारी नाही. पावसात ती वाढते, पाऊस ओसरू लागला की कळ्या दिसतात आणि थंडीच्या सुरुवातीपर्यंत फुले चालतात. त्यानंतर वर म्युनिककरांनी वर्णन केलेले रुपेरी बीज-झुबके येतात, ते आपल्या वेलीलाही तसेच असतात. रंग निळा नाही, पांढरा. हे चालणार असेल तरच पुढे वाचावे.

येऊरचा डोंगर राष्ट्रीय उद्यानात येतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून बी, फांदी, काहीही आणता येत नाही. पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा लोकांना हा मोह दरवर्षी होतो, म्हणून मुद्दाम लिहितो. मुरबाड, शहापूर, कर्जत या बाजूला ओळखीच्या कोणाचे शेत असेल, तर बांधावरच्या करवंदीच्या जाळीत ही वेल हमखास सापडते. मालकाला विचारून डिसेंबर-जानेवारीत पिकलेले बी घ्यावे. देशी झाडांची रोपे करणाऱ्या रोपवाटिकांमध्येही चौकशी करून पाहावी.

बी आणल्यावर त्याची शेपटी खुडून टाकावी, म्हणजे ते मातीत नीट बसते. लाल माती, जाड रेती आणि कुजलेला पालापाचोळा समप्रमाणात घेऊन उथळ ट्रेमध्ये पेरावे, वर जेमतेम बी झाकेल एवढीच माती द्यावी आणि सावलीत ठेवावे. सगळे बी एकाच वेळी उगवत नाही. काही रोपे लवकर दिसतात, काही पावसाच्या पहिल्या सरीनंतर; तोवर ट्रे रिकामा समजून ओतून देऊ नये. घाई असेल तर फाटे कलम करावे, पण त्यात एक खुबी आहे. बहुतेक झाडांची फांदी आपण डोळ्याच्या लगेच खाली कापतो, क्लेमॅटिसची मात्र दोन पेरांच्या मधोमध कापतात. वरच्या पेराला पानांची एक जोडी ठेवून त्यातलेही एक पान काढून टाकतात, आणि खालचा गुळगुळीत तुकडा रेतीत खोचतात. मुळे त्या कांड्यातूनच सुटतात.

आधाराविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण भिंतीवर वेल न चढण्याचे कारण बहुधा तिथेच असते. मोरवेलीला जाईसारखे खोड गुंडाळता येत नाही, काकडीसारखे तणावेही नसतात. ती पानाच्या देठाने धरते. पावसाळ्यात कुंपणापाशी उभे राहून पाहावे: कोवळा देठ एखाद्या काटकीला टेकला की त्या बाजूला वळू लागतो, एक-दोन दिवसांत पूर्ण वेढा घालतो आणि मग तो वेढा लाकडासारखा कडक होतो. पुढे पान गळून गेले तरी तो वेढा काटकीवर तसाच राहतो आणि वेल त्यावरच तोललेली असते. एवढासा देठ जाड बांबूला किंवा दोन इंची पाइपला कवेत घेणार कसा? म्हणून भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर सोडून कोंबडजाळी ठोकावी किंवा नायलॉनच्या दोऱ्या उभ्या-आडव्या ताणाव्यात. आधार पेन्सिलीहून जाड नसावा.

लागवड जूनच्या सुरुवातीला करावी. जमीन सपाट असेल तर फूटभर उंचीचा वरंबा करून त्यावर रोप लावावे, म्हणजे जुलैतल्या पाण्याचा निचरा होईल. खड्ड्यात तळाला विटांचे तुकडे, वर लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड पुरे. मुळे गार राहावीत म्हणून बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. क्लेमॅटिसचे ‘डोके उन्हात, पाय सावलीत’ हे सूत्र आपल्या वेलीलाही लागू आहे, आणि आपली भिंत सकाळच्या उन्हाची असल्याने जागा चांगली आहे. एप्रिल-मे महिन्यांत वेल बरीचशी वाळल्यासारखी दिसेल. ती उपटू नये. मेच्या मध्यावर जमिनीपासून दीड फुटावर ती खुशाल छाटावी, कारण ही नव्या फांदीवर फुलते. आपल्या बहिणीच्या वेलीला जी छाटणी नडली, तीच इथे मानवते.

छाटताना हातमोजे घालावेत. या कुळातील वेलींच्या ताज्या रसाने कातडीची आग होते, काहींना फोडही येतात. युरोपात पूर्वी भिकारी तिकडच्या रानक्लेमॅटिसचा रस अंगाला लावून मुद्दाम जखमा करून घेत, जेणेकरून लोकांना दया यावी. घरात लहान मूल किंवा पाने चघळणारे मांजर असेल तर खालची दोन फूट वेल मोकळी ठेवावी.

खारघर_गच्ची

निळ्या-जांभळ्या फुलांसाठी मी पेट्रिया सुचवेन. मध्य अमेरिकेतून आलेली ही वेल मुंबई परिसरात जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर पूर्वी सर्रास असायची. आपल्याकडे ती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते, म्हणजे आपल्या हवेत ‘लवकर’ ज्याला म्हणता येईल अशीच वेळ. योगायोग असा, की हिच्यातही रंगाची मुख्य भिस्त पाकळ्यांवर नाही. फिकट जांभळा पाच टोकांचा तारा हा पुष्पकोश, म्हणजे निदलांचा वेढा, असतो, त्याच्या मधले गडद जांभळे फूल चार-दोन दिवसांत गळून पडते आणि तारे मात्र पुढे कितीतरी दिवस घोसांवर राहतात, हळूहळू राखाडी होत जातात. पुढे तेच फळाचे पंख बनतात आणि भिरभिरत खाली येतात. पाने हाताला पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागतात. नर्सरीत ओळख पटवण्याची ती सोपी खूण आहे.

रोप गुटी कलमाचे (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले) घ्यावे, लवकर फुलते. डिसेंबर-जानेवारीत पाणी थोडे कमी करावे; माती अगदी भेगाळू देऊ नये, पण रोजचे पाणी बंद करावे. भरपूर पाणी आणि युरिया दिलेली पेट्रिया नुसती पाने काढते. छाटणी बहर संपल्यावर, पावसाच्या आधी. हिवाळ्यात कात्री लावली तर ताईंच्या बहिणीच्या वेलीसारखीच गत होईल. गच्चीवर मी ती मोठ्या ड्रममध्ये ठेवली आहे, पण जमिनीत असेल तर अधिक चांगले. खाडीकडच्या भरावाच्या जमिनीत, म्हणजे नवी मुंबईच्या बऱ्याच भागांत, खारेपणामुळे पानांच्या कडा जळतात. तिथे वरंब्यावर बाहेरची माती घालूनच लावावी. घोडबंदरच्या डोंगराकडच्या बाजूला ही अडचण येऊ नये, मात्र बांधकामाचा राडारोडा खाली पुरलेला नाही ना, हे फावड्याने खणून पाहावे.

घोडबंदरवासी

दोन्ही वेली लावण्याचे ठरवले आहे. शेवटचा प्रश्न: त्या एकाच जाळीवर, शेजारी शेजारी चढवल्या तर चालतील का? म्हणजे फेब्रुवारीत जांभळी आणि ऑक्टोबरमध्ये पांढरी, अशी भिंत वर्षातून दोनदा फुलेल.

येऊरपायथा

एकाच जाळीवर नको. पेट्रियाचे खोड काही वर्षांत मनगटाएवढे होते आणि ते जाळीभोवतीच पिळत जाते. तिला लोखंडी कमान किंवा मजबूत मांडव लागतो आणि कोंबडजाळी ती वाकवून टाकेल. शिवाय आपली मोरवेल मे महिन्यात दीड फुटावर छाटायची आहे, तेव्हा दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतील तर कोणती फांदी कोणाची हे कळणार नाही. पट्टी १५ फुटांची आहे, तेव्हा पेट्रिया फाटकाच्या टोकाला कमानीवर आणि मोरवेल दुसऱ्या टोकाला जाळीवर, मध्ये निदान ८-१० फुटांचे अंतर, असे करावे. मोरवेलीच्या बाजूला वरच्या मजल्यावरच्या एसीचे किंवा पागोळीचे पाणी बुंध्यावर पडत असेल, तर ते लागवडीआधीच पन्हळ लावून वळवून घ्यावे.